अमेरिकेत लढाई अन् पैसा वऱ्हाडात? खामगावच्या कापसाची भानगड कोणी समजावेल का

शेगावची_कचोरी

नमस्कार मंडळी. गाव खामगावजवळ, पोटापाण्यासाठी पुण्यात. दिवाळीत घरी गेलो होतो, मामांबरोबर एका बंद पडलेल्या जिनिंगसमोरून (कापसातली सरकी काढायचा कारखाना) चाललो होतो तर मामा एकदम थांबून म्हणाले, "तुह्या पणज्याच्या बापाच्या टायमाले इथं लिव्हरपूलचा भाव चाले. अमेरिकेत लढाई झाली म्हनून हे सारं उभं राह्यलं." मामांची फेकाफेकी आमच्याकडे फेमस आहे त्यामुळे मी हसून सोडून दिलं.

पण परत आल्यावर ऑफिसात जेवताना विषय काढला तर एक जण म्हणाला की इंग्रजांनी रेल्वे दिली नसती तर तुमचं वऱ्हाड अजून बैलगाडीत असतं, थँक्यू म्हणा. मला उत्तर सुचलं नाही आणि तेच डोक्यात बसलंय. तर विचारायचं असं की अमेरिकेतल्या लढाईचा आणि आमच्या कापसाचा खरंच काही संबंध आहे का, आणि असेल तर त्यातला पैसा गेला कुठे? कारण 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' हे लहानपणापासून ऐकतोय, पण कुऱ्हाडीचा फक्त दांडाच आमच्या वाट्याला आलेला दिसतोय.

पुस्तकी उत्तर नको, समजेल असं सांगा.

---

सरकी_ढेप

मामांना सॉरी म्हण आधी. ते फेकत नाहीयेत.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना जो कापूस लागायचा त्यातला पाऊण हिस्सा, त्याहून थोडा जास्तच, या बंदरांतून यायचा. आणि तो पिकवायचं कोण, तर गुलाम. आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलेल्या लोकांची लेकरं-नातवंडं. म्हणजे मँचेस्टरचं 'स्वस्त कापड' मुळात तिथून सुरू होतं, हे सोडून पुढचं सांगितलं की गोष्ट खोटी होते. तर माल अडला, गिरण्या थांबल्या, तिकडचे मजूर उपाशी मरायला लागले आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी दुसरीकडे कापूस शोधायला सुरुवात केली. इजिप्तमध्ये, ब्राझीलमध्ये, आणि सगळ्यात जास्त आपल्याकडे.

आपला कापूस त्यांना आवडायचा असं अजिबात नाही हां. धागा आखूड, त्यांची यंत्रं अमेरिकन धाग्यावर बेतलेली, सूत सारखं तुटायचं. मुंबईतून गेलेल्या सगळ्या कापसाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणायचे आणि तो शब्द तिथे शिवीसारखा वापरला जायचा. वऱ्हाडच्या मालाला वेगळं नाव होतं, 'ऊमरा', म्हणजे आपली उमरावती. भेसळ इतकी चालायची की १८६३ ला मुंबई सरकारला त्यासाठी खास कायदा करावा लागला. कापूस भिजवून वजन वाढवायची आयडिया किती जुनी आहे बघ.

पण पर्याय नव्हता म्हणून भाव तिप्पट-चौपट चढला आणि मुंबईत अक्षरशः पैशाचा पाऊस पडला. आता तुझा प्रश्न, पैसा गेला कुठे. बराचसा मुंबईतच राहिला, तोही समुद्रात भराव घालायच्या कंपन्यांमध्ये! बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजाराचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला होता. प्रेमचंद रायचंद म्हणजे त्या वेळचा बाजाराचा राजा, रोज नवी कंपनी नवी बँक, आणि लोक वेडे झाल्यासारखे पैसे लावत होते. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, अमेरिकेचा कापूस आता परत येणार म्हटल्यावर भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांचे सौदे मिटवायची तारीख होती त्या दिवशी निम्मी मुंबई दिवाळखोर. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली. राजाबाई टॉवर बघितला असशील ना, तो याच प्रेमचंदच्या पैशातून उभा राहिला, राजाबाई ही त्यांची आई.

आता रेल्वे. कलीगला एवढंच सांग की नकाशा उघड आणि फाटे कुठे फुटतात ते बघ. मेन लाइन १८६७ ला नागपूरला पोचली. मग जलंबवरून खामगावला फाटा, १८७०, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. बडनेऱ्यावरून अमरावतीला फाटा, १८७१. कापसाचा बाजार जिथे तिथे फाटा. पुढे मूर्तिजापूरवरून यवतमाळ आणि अचलपूरला शकुंतला नावाची छोटी गाडी गेली, तीही कापसासाठीच, आणि ती तर विलायती कंपनीची. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं आपली रेल्वे त्या लाइनीचे पैसे त्या कंपनीला देत होती. वऱ्हाड तरी इंग्रजांकडे कसं आलं? १८५३ ला निजामाकडून, फौजेच्या खर्चाचं कर्ज थकलं म्हणून. कापसाची काळी माती आयती हातात आली.

आणि त्याआधी वऱ्हाडचा कापूस बहुतेक बैलगाडीतूनसुद्धा जात नव्हता रे. वंजारी-बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर लादून कापूस न्यायचे, तोही मुंबईला नाही तर पार गंगेकाठी मिर्झापूरला. आज गुगल मॅपवर अंतर टाकून बघ. रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर या तांड्यांचा धंदाच गेला, आणि १८७१ च्या कायद्याने अशा फिरत्या कितीतरी जमातींवर 'गुन्हेगार' शिक्का बसला. आधी काम काढून घेतलं आणि मग विचारलं की हे लोक बिनकामाचे का फिरतात. थँक्यू कोणी कोणाला म्हणायचं ते कलीगने ठरवावं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही ती म्हणजे रेल्वे पोचली तोपर्यंत तेजी संपलेली होती! तरीपण कापूस वाढतच गेला. १८६९ ला सुवेझ कालवा उघडला, १८७० ला मुंबई-लंडन समुद्राखालून तार आली, मग लिव्हरपूलचा भाव खामगावात त्याच दिवशी कळायला लागला (मामांचा पॉइंट). रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट वगैरे कंपन्यांची माणसं थेट मालाच्या पट्ट्यात उतरून खरेदी करायला लागली. शेतसारा रोख भरायचा, सावकाराचं व्याज रोख, तर शेतकरी रोख देणारं पीक घेणारच. ज्वारीची जमीन कापसाखाली गेली. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याची किंमत दिसली, तेव्हाच्या श्रीमंत म्हणवणाऱ्या वऱ्हाडात माणसं भुकेने मेली.

---

उगाच_आपलं

वरचं बरंचसं पटलं पण दोन गोष्टी खटकल्या.

पहिली, इंग्रज आले आणि कापूस आला असा सूर नको. तेर माहितीय ना, धाराशिव जिल्ह्यातलं? जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने लिहून ठेवलंय की तगरहून गाड्या भरभरून सुती कापड भडोच बंदराला येतं आणि तिथून जहाजाने पुढे जातं. दोन हजार वर्षं आपण तयार कापड विकत होतो आणि कापूस घरात ठेवत होतो. इंग्रजांनी उलटं केलं, कापूस न्यायचा आणि कापड आणून विकायचं. मुद्दा तो आहे. जागतिक व्यापार आपल्याला नवीन नव्हता, त्यातली खुर्ची बदलली.

दुसरी, अजून कोणी लिहिलं नाही पण लिहिणारच म्हणून आधीच सांगतो. १८७५ चे दख्खनचे दंगे. १२ मे ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं फोडून कर्जरोखे जाळले, मग पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. शाळेत आपण पाठ केलंय की कापसाचे भाव पडले म्हणून दंगे झाले. एवढं सरळ नाहीये ते. सुपे, इंदापूर, शिरूर, पारनेर हा काय कापसाचा पट्टा आहे का? कोरडवाहू बाजरी-ज्वारीचा मुलूख. अभ्यासकांमध्येही यावर भांडणं आहेत. तेजीच्या काळात सगळीकडेच पैसा खेळत होता, सावकार सढळ हाताने उधार देत होते, नंतर त्यांनी हात आखडता घेतला हे खरं. पण त्याच वेळी १८६७ नंतर इंदापूर वगैरे भागात सारा वाढवला, आणि कोर्टात कागद दाखवला की जमीन सावकाराच्या नावावर. लोकांनी माणसं फारशी मारली नाहीत, कागद जाळले. त्यांना बरोबर माहीत होतं दुखणं कुठाय. मग १८७९ ला सरकारने कायदा केला, शेतकऱ्यांना दिलासा म्हणून. वऱ्हाडात मात्र दंगे झाले नाहीत, मग 'कापूस पडला म्हणून दंगे' ही थिअरी कुठे गेली?

बाकी शकुंतलेचं इंजिन मँचेस्टरला बनलेलं होतं आणि १९९४ पर्यंत चालत होतं हे लिहायला विसरलात.

---

सरकी_ढेप

@उगाच_आपलं तेरचं बरोबर, चूक माझी. दंग्यांचं मी मुद्दामच टाळलं होतं कारण तुम्ही येणार हे माहीत होतं 😄

---

लोअरपरेलचा_बंड्या

सगळे कापसावर बोलताय, माणसांवर कोणीतरी बोला की.

आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यात. पणजोबा गिरणीत, आजोबा गिरणीत साचेखात्यात, वडील बदली कामगार म्हणून लागले आणि कायम होणार तोच १८ जानेवारी १९८२, पुढचं सगळ्यांना माहितीय. अडीच लाख माणसं संपावर गेली आणि बहुतेकांसाठी तो संप कधी संपलाच नाही.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांची, १८५४ ला कंपनी काढली, ताडदेवला. पण गिरण्या धडाधड निघाल्या त्या नंतर, तेजीतनं वाचलेला पैसा आणि चीनची गिऱ्हाईकं मिळाल्यावर. हो चीन. लोकांना वाटतं गिरण्या आपल्यासाठी कापड काढायच्या, सुरुवातीला निम्मा जीव सुतावर होता आणि ते सूत जायचं चीनला, तिकडचे विणकर ते वापरायचे. मग जपान्यांनी १८९३ पासून मुंबई-कोबे बोट सुरू केली, टाटांच्याच मदतीने, आपला कापूस इथून न्यायचे, तिकडे सूत काढायचे आणि चीनच्या बाजारात आपल्यालाच हाणायचे. म्हणजे इंग्रजांनी जे केलं तेच. त्यात १८९६ पासून आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर, का तर मँचेस्टरच्या मालावर तेवढी जकात आहे म्हणून इकडच्यांना फायदा व्हायला नको!! तीस वर्षं चालला तो कर. त्याच वर्षी प्लेग आला, अर्धी मुंबई गावाला पळाली.

आणि रेल्वेवरून आठवलं ते सांगतोच. वऱ्हाडातनं कापूस न्यायला १८७० ला गाडी. ज्या रत्नागिरीतनं त्या गिरण्यांना माणसं गेली तिथे गाडी कधी आली तर १९९८ ला. सव्वाशे वर्षं चाकरमानी आधी आगबोटीने, मग एसटीने गेला. १९४७ ला रामदास बोट बुडाली ती आमच्या आजीला शेवटपर्यंत आठवायची. कापसाच्या गाठीला डबा आणि माणसाला ओकाऱ्या. कोकणात तेव्हा कापूस पिकला असता तर आमची पण लाइन झाली असती.

पैसे गावाला मनीऑर्डरने. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी पंधरा-पंधरा माणसं, एक पाळीवरनं आला की दुसऱ्याने उठायचं, खानावळीतल्या बाईकडे महिन्याचं जेवण, आणि गावी बायको भात लावतेय, म्हाताऱ्यांना बघतेय. मालकाला मजूर स्वस्त पडला कारण त्याचं अर्धं घर कोकणातलं भात चालवत होतं. आजोबा सांगायचे की पोस्टमन आला की सगळ्या वाडीला कळायचं कोणाकडे किती आले.

आणि मटका! कोणालाच आठवला नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होणारा भाव तारेने मुंबईला यायचा त्याच्या शेवटच्या आकड्यावर लोक पैसे लावायचे. साठच्या दशकात तो भाव यायचा बंद झाला तर यांनी मडक्यातनं चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. ओपन-क्लोज हे शब्द तिथलेच. गिरण्यांच्या गेटबाहेर पगाराच्या दिवशी आधी आकडा लागायचा आणि मग घर.

---

चहा_बिनसाखर

छान चर्चा चाललीय. थोडा कडू घोट टाकतो.

मुंबईचा पैसा म्हणजे कापूस हे अर्धंच आहे. कापसाच्या तेजीआधी तीस-चाळीस वर्षं मुंबई जगत होती ती माळव्याच्या अफूवर. इंग्रजांना चहा हवा होता, चहा चीनकडे, चिनी लोकांना इंग्रजांचं काहीच नको होतं, ते चांदीच मागायचे. मग चांदी वाचवायला अफू. बंगालची अफू कंपनी सरकारच्या मक्त्यात होती पण माळव्याची अफू पिकायची शिंदे-होळकरांच्या मुलखात, ती कंपनीला दाबता येईना. चोरून दमण बंदराकडून निघून जायची. शेवटी १८३० च्या आसपास कंपनीने डोकं लावलं, म्हणाले मुंबईतून न्या, आम्ही पेटीमागे पासाचे पैसे घेतो. बंदी घालायची नाही, कर घ्यायचा. आणि तिकडे चीनने पेट्या जप्त केल्या तर १८३९ ला युद्ध, १८४२ ला हाँगकाँग खिशात.

यात आपले व्यापारी पण होते, सगळ्यात मोठे सर जमशेटजी जीजीभॉय. जे. जे. हॉस्पिटल, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, आणि माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी आवाबाईंच्या पैशातून झाला. गोऱ्या सायबाने लुटलं आणि आपण नुसते लुटलो गेलो असं दाखवायची सवय आहे आपल्याला, तर तसं नाहीये. शिंद्यांच्या खजिन्यातही अफूचा पैसा होता आणि मुंबईच्या धर्मादायातही. मी जे. जे. मध्येच जन्मलोय म्हणून बोलतो.

बंड्या, तुझ्या कोकणातली काही माणसं मुंबईच्याही पुढे गेली बरं का. गुलामगिरी बंद झाल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, १८३४ पासून गिरमिटावर (म्हणजे करारावर) हिंदुस्थानातून माणसं न्यायला लागले. साडेचार लाख लोक गेले तिथे, बहुतेक बिहार आणि मद्रासकडचे, पण मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडचेही गेले. गुलामांच्या मालकांना इंग्लंडने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, गुलामांना दमडी नाही. आमच्या कंपनीत एक मॉरिशसची मुलगी होती, आडनाव पक्कं मराठी, बोलायची क्रिओल आणि फ्रेंच. गणपती पाण्यात सोडतो म्हणाली, आणि झाकरी म्हणून नाच करतात म्हणाली, मी व्हिडिओ बघितला तर आपली जाखडी!

---

पऱ्हाटीवाला

राजेहो लय भारी लिवता तुमी लोक, वाचून डोकं गरम झालं. मी यवतमाळकडचा, बारा एकर, त्यातली आठ पऱ्हाटी, म्हंजे कापूस.

मले एकच समजते. भाव आमचा नाही. पह्यले लिव्हरपूल होतं, आता रोज सकाळी मोबाइलवर न्यूयॉर्क पाह्यतो, पाउंडाले इतके सेंट. तिथं दोन सेंट उतरले का इथला व्यापारी म्हनते 'भाऊ बाजार मंदा हाये'. तिथं चढले का म्हनते 'तुमच्या मालात ओल हाये'. मंधात १९७२ पासून सरकारनं एकाधिकार खरेदी आनली, म्हंजे कापूस फक्त सरकारलेच विकाचा, तीसेक वर्षं चालली, पण ग्रेडरच्या पाया पडा अन् चुकाऱ्यासाठी (विकल्या मालाच्या पैशासाठी) चकरा मारा. त्याचं बी तसंच.

अमेरिकेचा शेतकरी सबसिडीवर कापूस पिकवते. ब्राझीलवाल्यानं २००२ साली डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) केस टाकली अन् जिंकली पन. आमी कोनावर केस टाकाची सांगा? अन् ते यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला म्हनून आमचा भाव वाढला हे वाचून हासूच आलं, अजून बी तसंच हाये न. तिकडं दुष्काळ पडला का इकडं लोक पेढे वाटते.

सावकाराचं नाव बदललं, आता त्याले कृषी केंद्र म्हनते. बियाणं-खत उधारीवर त्याच्याचकडून, कापूस बी त्यालेच.

---

उगाच_आपलं

@पऱ्हाटीवाला दादा, या एका गोष्टीवर मी वाद घालणार नाही. फक्त विचारतो, मग कापूस सोडून सोयाबीन-तूर का नाही?

---

पऱ्हाटीवाला

लावतो न भाऊ, बाकीच्या चार एकरात तूर अन् सोयाबीनच हाये. सोयाबीनचा भाव कुठं ठरते? शिकागो. घ्या.

---

शेगावची_कचोरी

मंडळी मनापासून धन्यवाद, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. रेल्वेचा नकाशा कलीगला दाखवला, तो म्हणाला फाटे कापसासाठी असतील पण माणसंही बसलीच की त्यात. मग मी त्याला बंड्याचं १९९८ वालं वाचून दाखवलं. तो निघाला देवगडचा!! गप्प बसला आणि डब्यातली सोलकढी दिली.

काल रात्री मामांना फोनवर पूर्ण थ्रेड वाचून दाखवला. अफूचं ऐकून म्हणाले "हे मले ठाऊक होतं" (नव्हतं). लिव्हरपूलचं खरं निघालं म्हणून खूश. पण मिर्झापूरचं काही केल्या पटेना. "बैलाच्या पाठीवर कापूस लादून गंगेपर्यंत? कायले फेकता बे?" म्हणजे उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मामा दुसऱ्याला फेकू म्हणाले.

आणि फोन ठेवता ठेवता सांगतात की माळ्यावर एक पेटी आहे, त्यात आजोबांच्या वडिलांचे मोडी कागद आहेत, कोणाला वाचता येत नाही म्हणून पडून आहेत. संक्रांतीला जातोय. इथे मोडी वाचणारं कोणी आहे का? फोटो टाकले तर चालतील का?